समुद्राकाठच्या सार्वजनिक मैदानावर गोल्फ: पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी सॅन होजेजवळ राहते. तिच्याकडे गेले की एक तरी दिवस मी पॅसिफिक ग्रोव्हच्या गोल्फ मैदानावर काढते. परत आल्यावर येरवड्याच्या मैदानावर सोबत खेळणाऱ्यांना सांगितलं, त्यांनी आपल्या भावाला, व्याह्यांना सांगितलं, आणि आता दर मार्च-एप्रिलमध्ये, मुलांकडे जायची तिकिटं निघाली की मला व्हॉट्सअ‍ॅपवर तेच प्रश्न येऊ लागतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. जिथे उत्तर दुसरीकडे आलंय तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. हे मैदान नेमकं कुठे आहे आणि कोणाचं आहे?

कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागराच्या दक्षिण टोकाला पॅसिफिक ग्रोव्ह नावाचं छोटं गाव आहे. पूर्ण नाव पॅसिफिक ग्रोव्ह गोल्फ लिंक्स, आणि ते गावाच्या नगरपालिकेच्या मालकीचं आहे. आपल्याकडे महापालिकेची बाग किंवा पोहण्याचा तलाव असतो, तसं. सॅन होजेहून गाडीने साधारण १२५ किलोमीटर, सॅन फ्रान्सिस्कोहून १९० च्या आसपास. १०१ क्रमांकाच्या महामार्गावरून १५६, मग १ आणि शेवटी ६८ असा रस्ता आहे. जवळच सतरा मैलांचा प्रसिद्ध किनारारस्ता आहे, त्याला प्रवेशशुल्क लागतं. पण हे मैदान त्या फाटकाच्या बाहेर आहे, त्यामुळे तिथे पैसे भरून आत शिरू नका. माझ्या ओळखीचे दोघे नकाशा नीट न बघता शिरले होते.

२. सार्वजनिक म्हणजे खरंच कोणालाही सोडतात? मेंबरची ओळख लागत नाही?

लागत नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि तो का येतो हे मला कळतं. पुण्यात आपण पाहिलेली मैदानं क्लबची, लष्कराची किंवा रिसॉर्टची. येरवड्याचं पूना क्लबचं, लवळे-बावधनच्या डोंगरातलं ऑक्सफर्डचं, खडकवासल्याला एनडीएचं. त्यामुळे गोल्फ म्हटलं की कोणाच्या तरी ओळखीने, कोणाचे तरी पाहुणे म्हणून जायचं, हे आपल्या मनात पक्कं बसलंय.

मूळ परंपरा मात्र अशी नव्हती. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला १५५२ च्या सनदेत तिथल्या गावकऱ्यांचा समुद्राकाठच्या वाळवंटी जमिनीवर गोल्फ खेळायचा हक्क मान्य केलेला आहे. त्याच जमिनीवर मेंढपाळ मेंढ्या चारायचे, कोळणी जाळी वाळवायच्या आणि लोक खेळायचे. आजही तिथलं जुनं मैदान सहसा रविवारी खेळासाठी बंद असतं आणि गावातली माणसं त्यावर फिरायला येतात. पॅसिफिक ग्रोव्ह त्याच विचाराचं मैदान आहे. तुम्ही फी भरली की ते तुमचं. मला या खेळात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, म्हणून तर एवढं सगळं लिहायला बसले आहे.

३. पेबल बीच जवळच आहे. एवढं लांब जायचं तर तिथेच का खेळू नये?

ऐपत आणि हौस असेल तर जरूर खेळा. फक्त हिशेब समजून घ्या. पेबल बीच हे नामांकित रिसॉर्टचं मैदान; तिथली एका फेरीची फी ६०० डॉलरच्या वर आहे, आणि त्यांच्या रिसॉर्टमध्ये मुक्काम नसेल तर आगाऊ वेळ मिळणं अवघड. पॅसिफिक ग्रोव्हची फी त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी पडते. समुद्र तोच, वारा तोच, धुकंही तेच.

आखणी करणारे हातही ओळखीचेच आहेत. पॅसिफिक ग्रोव्हचे पहिले नऊ होल (पहिल्या फटक्याच्या जागेपासून भोकापर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल, पूर्ण फेरी अठरांची) १९३२ साली चँडलर ईगन यांनी आखले. ईगन १९०४ आणि १९०५ ची अमेरिकेची हौशी स्पर्धा जिंकलेले खेळाडू, आणि १९२९ च्या स्पर्धेआधी पेबल बीचची सुधारणा करणाऱ्यांपैकी एक. पुढचे नऊ होल १९६० मध्ये जॅक नेव्हिल यांनी आखले, ज्यांनी डग्लस ग्रँट यांच्यासोबत मूळ पेबल बीच घडवलं होतं. म्हणून लोक या मैदानाला प्रेमाने ‘गरिबाचं पेबल बीच’ म्हणतात. मला ते नाव आवडत नाही. गावाने आपल्या माणसांसाठी राखलेल्या मैदानात गरिबीचं काय आहे?

४. फी कमी कशी करता येईल?

तीन गोष्टींवर फी बदलते: वार कोणता, वेळ कोणती आणि तुम्ही स्थानिक रहिवासी आहात का. रहिवासी तर आपण नाही. म्हणून मंगळवार-बुधवार धरा आणि दुपारनंतरची, संध्याकाळकडे झुकणारी सवलतीची वेळ मागा. जूनमध्ये सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, तेव्हा दुपारी निघूनही अठरा होल पुरे होतात. डिसेंबरमध्ये पाचच्या आतच मावळतो, मग तो बेत जमणार नाही. ज्येष्ठांची सवलत आहे का ते काउंटरवर विचारा आणि वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टची प्रत जवळ ठेवा.

५. वेळ कशी घ्यायची? आणि आपलं कार्ड चालेल का?

इंटरनेटवर किंवा फोनवर. चौघांचा गट, ठरलेल्या मिनिटाला पहिला फटका. ‘दहाच्या सुमाराला पोहोचतो’ असं तिथे नसतं. दहा वाजून आठ मिनिटं म्हणजे आठच, आणि त्याआधी अर्धा तास मैदानावर असावं. येता येणार नसेल तर मुदतीत रद्द करा, नाहीतर पैसे कापले जातात.

आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांपासून नव्या कार्डांवर ही सोय मुळात बंदच असते. बँकेच्या अ‍ॅपमधून दोन मिनिटांत होणारं काम आहे, पण ते इथूनच करून जा. तिथे गेल्यावर ओटीपीसाठी आपला भारतातला नंबर चालू नसतो आणि मग जावयाचं कार्ड मागावं लागतं.

६. मी एकटाच खेळणार. एकट्याला खेळू देतात का?

देतात, पण बहुधा एकटं ठेवत नाहीत. सुरुवातीला ‘स्टार्टर’ म्हणून एक माणूस असतो, तो तुम्हाला दोघा-तिघांच्या गटात जोडून देतो. घाबरू नका. पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर) हात मिळवा, नाव सांगा, आपण कोणत्या खुणेचा बॉल खेळतोय ते सांगा, झालं. एकदा माझ्या गटात निवृत्त पोस्टमन, एक परिचारिका आणि तिचा मुलगा होता. चौथ्या होलपर्यंत आम्ही एकमेकांचे बॉल शोधत होतो.

एकट्या माणसाला वेळ मिळणं उलट सोपं असतं. तिघांच्या गटात चौथी जागा रिकामी असतेच. पोहोचल्यावर दुसरी सोबत न मिळता खरंच एकट्याने खेळावं लागलं आणि तो स्कोअर हँडिकॅपसाठी (खेळाडूचं कसब दाखवणाऱ्या आकड्यासाठी) नोंदवायचा असेल, तर प्रश्न २० पाहा.

७. कॅडी मिळतो का?

नाही. आपल्याला सगळ्यात जड जाणारी गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पुण्यात आपण बॅगेला हात लावत नाही. कॅडी अंतर सांगतो, क्लब म्हणजे खेळायची काठी हातात देतो, ग्रीनवरचा (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचा) उतार दाखवतो, झाडीतला बॉल शोधतो. उखडलेली हिरवळ बसवतो, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) आपल्या पावलांवरून दाताळं फिरवतो. येरवड्याला ज्यांच्याकडून मी खेळ शिकले त्यातले अर्धे तरी कॅडी होते, आणि त्यांच्या नजरेला तोड नाही. पण त्यामुळे ही कामं खेळाचा भाग आहेत हेच आपण विसरून गेलो आहोत.

तिथे ती सगळी तुम्ही करायची. फटक्यात हिरवळीचा तुकडा उडाला तर तो उचलून परत जागेवर बसवायचा किंवा दिलेल्या बाटलीतली वाळू खड्ड्यात घालायची. ग्रीनवर बॉल पडून जो खळगा होतो तो छोट्या काट्याने कडेकडून आत ढकलून सपाट करायचा. खालून वर उचकटायचं नाही, गवताची मुळं तुटतात. बंकरमध्ये खालच्या कडेने शिरायचं आणि बाहेर येताना दाताळं फिरवायचं. होलमधली काठी ज्याने काढली त्याने परत लावायची. जाण्याआधी हे पुण्यातच चार फेऱ्या स्वतः करून पाहा. तुमच्या कॅडीला सांगा की आज मी करणार, चुकलं तर सांग. तो मनापासून शिकवेल.

बॅग ओढायला तीनचाकी ट्रॉली भाड्याने मिळते, बसून जायला बग्गीही मिळते. गुडघे बरे असतील तर चालत खेळा. सात-आठ किलोमीटरची चाल होते, पर्वती चढणाऱ्याला त्यात काहीच अवघड नाही. बग्गी घेतलीच तर ती ग्रीनच्या आणि टीच्या जवळ न्यायची नाही, पाट्या असतात त्या पाळायच्या.

८. हँडिकॅप सर्टिफिकेट नाही, वर्षभरच खेळतोय. चालेल?

चालेल. सर्टिफिकेट मागत नाहीत. ते सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानासारख्या ठिकाणी लागतं. इथे लागतो तो वेग. अठरा होल साडेचार तासांच्या आत व्हावेत अशी अपेक्षा असते. तुम्ही किती फटक्यांत होल संपवलात याच्याशी मागच्या गटाला काही देणंघेणं नाही, थांबावं लागलं की मात्र राग येतो.

म्हणून नवख्यांना माझं सांगणं असं. पारच्या, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांच्या, दुप्पट फटके झाले की बॉल उचला आणि पुढच्या होलकडे चला. आपली पाळी येण्याआधीच क्लब ठरवून ठेवा. जो तयार आहे त्याने मारावं, कोण लांब आहे याची वाट पाहत बसू नये. बॉल शोधायला नियमाने तीनच मिनिटं आहेत, २०१९ पूर्वी पाच होती.

९. मैदान कसं आहे? अठराच्या अठरा होल समुद्राला लागून आहेत का?

नाहीत, आणि हे आधी माहीत असावं, नाहीतर पहिल्या दोन तासांत हिरमोड होतो. एकूण पार ७०, लांबी साधारण ५,७०० यार्ड. म्हणजे लांबीने छोटंच.

पहिले नऊ होल झाडीतले. मॉन्टेरे पाइन, सायप्रस, बाजूला घरं, आणि लागून गावाची दफनभूमी. सुरुवातच दोन पार तीनच्या होलने होते, जे क्वचितच कुठे दिसतं. अंग मोकळं व्हायच्या आतच आयर्नने (लोखंडी टोकाच्या क्लबने) अचूक मारावं लागतं, म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं हात मोकळे करून घ्या.

दुसरे नऊ म्हणजे दुसरंच जग. झाडं संपतात, वाळूच्या टेकड्या सुरू होतात आणि मध्यभागी पॉइंट पिनोसचं दीपगृह उभं राहतं. १८५५ पासून ते अखंड पेटतं आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर इतकं जुनं आणि अजून चालू असलेलं दुसरं दीपगृह नाही. पहिले रखवालदार चार्ल्स लेटन मारले गेल्यावर त्यांची पत्नी शार्लट यांनी दिवा सांभाळला. पुढे १८९३ ते १९१४ एमिली फिश या बाईंनी. दीपगृहाच्या भोवतीने खेळताना मला दर वेळी या दोघी आठवतात. वाऱ्यात उभं राहून तेल-वात करणं काय असेल! क्रेस्पी तळंही याच भागात आहे, तिथे बदकं असतात आणि बॉलही पुष्कळ बुडतात.

‘लिंक्स’ हा शब्द अशाच जमिनीचा. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळूची, खुरट्या गवताची पट्टी. पाणी लगेच मुरतं, जमीन घट्ट राहते, बॉल पडल्यावर लांब घरंगळतो.

वेळ नसेल तर नऊच होलची फी विचारा, आणि दुसरे नऊ मिळतील का तेही विचारा.

१०. कोणत्या महिन्यात जावं?

सप्टेंबर-ऑक्टोबर. आपली मंडळी मुलांना भेटायला मे ते ऑगस्ट जातात आणि नेमका तोच धुक्याचा काळ. कारण साधं आहे. उन्हाळ्यात आतल्या खोऱ्यातली हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत ओढली जाते. किनाऱ्याचं पाणी खोलातून वर येणाऱ्या प्रवाहामुळे गारेगार असतं, त्यावरून येताना हवेतली वाफ थंड होऊन बारीक थेंबांचं धुकं होतं. सॅन होजेला ३२ अंश असताना इथे १६. दुपारी धुकं विरलं तर वायव्येचा वारा सुटतो.

जून-जुलैतच जाणं असेल तर जा, अजिबात टाळू नका. धुक्यात सीलचं ओरडणं ऐकत खेळण्यात वेगळं सुख आहे. पुण्याहून नुकतेच गेला असाल तर पहाटे चारला डोळे टक्क उघडे असतातच. त्याचा फायदा घ्या आणि सकाळची पहिली वेळ धरा, वारा पडलेला असतो.

११. कपडे काय घालावेत? पंजाबी ड्रेस चालेल का?

चालेल. कपड्यांबाबत गावाचं मैदान खासगी क्लबाइतकं कडक नसतं, तरी कॉलरचा शर्ट आणि साधी पँट केव्हाही बरी. पंजाबी ड्रेस घातलात तर ओढणी घरी ठेवा, वाऱ्यात ती हातात येते. खरी गरज गरम कपड्यांची. डिसेंबरातल्या महाबळेश्वरच्या पहाटेची कल्पना करा. बनियन, स्वेटर, वर वाऱ्याचं जाकीट आणि कानटोपी. एक मोठं जाकीट घेतलं तर हात फिरत नाहीत, थरांनी घाला.

१२. क्लबचा संच इथून न्यावा का?

एक-दोन फेऱ्यांसाठी नको, भाड्याने संच मिळतो. डावखुऱ्यांनी मात्र आधी फोन करून विचारावं. नेणारच असाल तर विमानाच्या सामानाच्या वजनात तो मोजला जातो हे लक्षात ठेवा. बूट आणि क्लब ब्रशने घासून, धुऊन, वाळवून न्या. अमेरिकेत मातीला बंदी आहे. येरवड्याची लाल माती खिळ्यांत अडकलेली दिसली तर विमानतळावर अडकाल. लाडू-चिवड्याच्या पिशवीपेक्षा मला बुटांची काळजी जास्त असते.

१३. पुण्यात तयारी काय करावी?

कमी उंचीचा फटका शिका. बॉल थोडा मागच्या पायाकडे, एक क्लब मोठा (एक पायरी लांब मारणारा), अर्धाच झोका, शेवट छातीपाशी. ग्रीनच्या बाहेरून वेजने (बॉल उंच उडवणाऱ्या क्लबने) उडवण्याऐवजी सात नंबरच्या आयर्नने घरंगळवा, किंवा सरळ पटर (ग्रीनवर बॉल ढकलायचा क्लब) वापरा. सरावाला दोन हंगाम उत्तम. एक, जून-जुलै, जेव्हा पश्चिमेचा वारा जोरात असतो. पाऊस थांबला की बाहेर पडा. दुसरा, एप्रिल-मे, जेव्हा पाणी मारूनही फेअरवेच्या (टी आणि ग्रीन यांच्यामधल्या कापलेल्या पट्ट्याच्या) कडा वाळून टणक होतात आणि बॉल पळतो. त्या भाजलेल्या कडांवरून ग्रीनवर बॉल घरंगळत नेता आला की समुद्राकाठची निम्मी तयारी झाली समजा.

१४. माझा सात नंबर पुण्यात १४० यार्ड जातो. तिथे किती जाईल?

कमी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे हवा विरळ आणि बॉल थोडा लांब जातो. तिथे तुम्ही समुद्रसपाटीवर. त्यात हवा थंड, म्हणजे आणखी दाट, आणि थंडीत बॉलही कडक होतो, अंगही. वारा नसताना एक क्लब जास्त घ्या. समोरून वारा असेल तर दोन, कधी तीन. उगाच जोर लावू नका. जोराने मारलेला बॉल जास्त फिरतो, उंच चढतो आणि वाऱ्यात तिथेच लटकून खाली पडतो. वारा पाठीवर असेल तर ग्रीनच्या बराच अलीकडे टाका, बाकीचं काम जमीन करते.

एक बॉल खिशात ठेवायचा आणि होलनंतर बदलायचा, अंगाच्या उबेने तो जरा मऊ राहतो. फेरी चालू असताना हातगरम करणाऱ्या पुडीने वगैरे मुद्दाम तापवणं नियमात बसत नाही. अंगावरच्या खिशात ठेवण्याला कोणी हरकत घेत नाही.

१५. माझे यजमान खेळत नाहीत. चार तास ते काय करतील?

माझेही खेळत नाहीत. किनाऱ्याने चालायची सुंदर वाट आहे, वाटेत सील आणि ऑटर (पाणमांजरं) दिसतात. दीपगृह ठरावीक दिवशी आतून बघता येतं. मॉन्टेरेचं मत्स्यालय दहा-पंधरा मिनिटांवर आहे, ते १९८४ पासूनचं. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी या काळात गावातल्या झाडांवर मोनार्क फुलपाखरं लटकलेली असतात. त्यांना हात लावणं, त्रास देणं गुन्हा आहे, दंड होतो. गाव मुळात १८७५ मध्ये धार्मिक शिबिरासाठी वसलं आणि १९६९ पर्यंत तिथे दारूबंदी होती. अजूनही शांतच आहे.

एकच काळजी: खडकांवर उभं राहून समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. तिथे अचानक मोठी लाट येते आणि माणूस ओढला जातो. पाणी इतकं थंड असतं की पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत गारठतो. कोकणातला समुद्र डोळ्यांपुढे ठेवून तिथे उतरू नका.

१६. बॉल त्या मांसल, जाड पानांच्या वेलीत गेला तर?

ती आईस प्लांट. मूळची दक्षिण आफ्रिकेची, वाळू धरून ठेवायला लावली आणि सगळीकडे माजली. पानं पाण्याने भरलेली, देठ दोरखंडासारखे. क्लब त्यात गुंततो आणि मनगट दुखावतं. पहिल्या वर्षी मी तीन फटके मारून पाहिले. बॉल वीतभर सरला आणि हात आठवडाभर दुखला.

बॉल वरवर, अर्धा दिसत असेल तर सर्वांत जास्त कोनाचा वेज घ्या आणि जवळच्या फेअरवेकडे, आडवासुद्धा, काढा. खोल असेल तर ‘न खेळण्याजोगा’ जाहीर करा. दंडाचा एक फटका आणि तीन पर्याय: मागच्या जागेवरून पुन्हा मारा, बॉल आणि होल यांच्या सरळ रेषेत कितीही मागे जा, किंवा दोन क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून टाका. दोन क्लबांतही वेलच असेल तर दुसरा पर्याय. जिथे वाळूच्या टेकड्यांवर कुंपण किंवा पाटी आहे तिथे बॉल दिसत असला तरी आत पाय ठेवायचा नाही. तिथे मूळची झाडं परत रुजवायचं काम चालतं.

१७. हरणं फेअरवेवर बसलेली असतात. बॉल लागला किंवा त्यांनी हलवला तर?

काळ्या शेपटीची हरणं तिथे कळपाने असतात आणि माणसाला बुजत नाहीत. आधी थांबा, हात हलवा, चालत थोडं पुढे जा, ती उठतात. खायला काही घालू नका, आपला चिवडा तर नकोच.

नियम असे. थांबलेला बॉल हरणाच्या पायाने सरकला तर दंड नाही, अंदाजाने मूळ जागी ठेवा. सीगलने उचलून नेला आणि तुम्ही किंवा सोबत्याने ते पाहिलं, तरीही तेच. नुसती शंका पुरत नाही. कोणी पाहिलं नसेल आणि तशी जवळजवळ खात्रीही नसेल तर बॉल हरवला असं धरावं लागतं. हवेतला बॉल हरणाला लागून वळला तर जिथे थांबला तिथून खेळा. अपवाद असा: ग्रीनवरून मारलेला बॉल ग्रीनवरच्या प्राण्याला लागला तर तो फटका मोजायचा नाही, पुन्हा मारायचा.

१८. बॉल रस्त्यावर गेला तर?

बाजूने गावाचे रस्ते आहेत, तो मैदानाबाहेर समजला जातो. दंडाचा एक फटका आणि पहिल्याच जागेवरून पुन्हा. म्हणून शंका आली की पुढे जाण्याआधीच ‘तात्पुरता बॉल मारतोय’ असं मोठ्याने सांगून दुसरा मारून ठेवा. न सांगता मारलात तर तोच खेळातला बॉल ठरतो आणि पहिला सापडूनही उपयोग नाही. मैदानाने स्थानिक नियम लागू केला असेल तर दोन फटक्यांचा दंड घेऊन फेअरवेवर बॉल टाकता येतो, स्कोअरकार्डाची मागची बाजू वाचा. रस्त्याकडे बॉल चालला की ‘फोर!’ (सावध!) म्हणून जिवाच्या आकांताने ओरडा, लाज वाटू देऊ नका. तिथे लेकुरवाळ्या बायका चालत असतात. गाडीला लागला तर थांबा, जाऊन भेटा, नाव द्या.

१९. धुक्यात ग्रीनच दिसत नाही. मारायचं कसं?

पुढचा गट निघून गेला याची खात्री होईपर्यंत मारायचंच नाही. एकाने चालत पुढे जाऊन बघून यावं आणि हाक मारावी. अंतर मोजायची दुर्बीण धुक्यात चालत नाही, तिचा किरण धुक्यावरूनच परततो. जीपीएसचं घड्याळ किंवा जमिनीवरच्या यार्डाच्या खुणा कामाला येतात.

२०. एकट्याने खेळलेला स्कोअर हँडिकॅपसाठी धरतात का?

नाही. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत फेरीत किमान एक माणूस सोबत असावा लागतो. स्टार्टरने जोडून दिलेले अनोळखी सोबतीही चालतात, त्यांची सही घ्या. एखाद-दोन होल सोबत मिळाली नाही तर काय, हे आपल्या क्लबच्या समितीला आधीच विचारून ठेवा.

२१. ग्रीनवर बॉल ठेवला आणि वाऱ्याने घरंगळला. आता?

इथे बऱ्याच जाणत्यांचाही घोळ होतो. तुम्ही बॉल खूण करून उचलला होता आणि परत ठेवला होता का, यावर सगळं आहे. ठेवला असेल तर वाऱ्याने कुठेही जावो, परत मूळ जागी, दंड नाही. एकदाही उचलला नसेल तर जिथे गेला तिथून खेळायचं. होलमध्ये पडला तर तुमचं नशीब, होल संपला. म्हणून वाऱ्याच्या दिवशी ग्रीनवर पोहोचताच आधी खूण करून बॉल उचला. अपवाद तेव्हाचा, जेव्हा वारा त्याला होलकडे ढकलेल असं वाटतं. तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा.

२२. आठवण म्हणून एक जुना बॉल समुद्रात मारला तर चालेल का? व्हिडिओ काढायचाय.

नाही. हा प्रश्न दर वर्षी दोघे-तिघे तरी विचारतात, तरुण मुलं जास्त. मॉन्टेरे उपसागर १९९२ पासून राष्ट्रीय सागरी अभयारण्य आहे. २०१६ मध्ये एका शाळकरी मुलीने वडिलांसोबत बुड्या मारून पेबल बीचच्या आसपासच्या तळातून बॉल काढायला सुरुवात केली. दोन-तीन वर्षांत ५०,००० हून जास्त निघाले, आणि २०१९ मध्ये त्यावर शोधनिबंध छापून आला. बॉल तळाशी घासून झिजतो आणि त्याचं प्लास्टिक पाण्यात उतरतं. व्हिडिओ काढायचा तर दीपगृहाजवळच्या टीवरचा काढा. जुना बॉल बॅगेतच राहू द्या, क्रेस्पी तळ्यापाशी तोच लागेल.